शेजारच्या फाटकातली गाडी

वहिनीला रोज जाग यायची ती शेजारच्या गाडीच्या खोकल्यानं. आधी एक लांबलचक घर्रर्र, मग गप्प. पुन्हा घर्रर्र, पुन्हा गप्प. आणि शेवटी घसा मोकळा झालेल्या म्हाताऱ्यासारखी ती गाडी एकदाची बोलायला लागायची. तोवर वहिनीचा हात पलंगाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन आलेला असायचा. ती बाजू रिकामी आणि गार.

वहिनी म्हणजे तशी सगळ्या गल्लीचीच वहिनी. तिची नणंद तिला त्या नावानं हाक मारायची, आणि ती हाक इतकी खणखणीत असायची की पोस्टमनपासून समोरच्या म्हाताऱ्या मास्तरांपर्यंत सगळ्यांनी तीच उचलली होती. वहिनी एका डेंटल लॅबमध्ये कामाला होती. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे साचे पाठवायचे आणि वहिनी मेणात एकेक दात बसवून त्यांच्या कवळ्या तयार करायची. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत. एकुलती एक मुलगी शिकायला बाहेरगावी. घरात दोघंच, आणि आता थंडी सुरू झाल्यापासून पहाटेच्या वेळी एकटी वहिनीच.

अंगावर शाल ओढून ती खिडकीशी जायची. खाली दिव्याच्या उजेडात नवरा कानटोपी घालून, नणंदेच्या गाडीवर अर्धा ओणवा होऊन, काचेवरचा बर्फाचा पापुद्रा प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडत असायचा. पुढची काच, बाजूच्या काचा, आरसे. मग आत बसून इंजिनाचा आवाज मान वाकडी करून ऐकायचा. गाडीतली हवा चांगली उबदार झाली की शेजारचं दार उघडायचं आणि पाठीला बॅग लावलेली नणंद बाहेर यायची. हा बाहेर उतरून दार धरून उभा. ती बसली की दार अलगद लावणार. अलगद! घरातलं कपाट हा माणूस लाथेनं बंद करायचा.

बरं, लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, वहिनीचीही गाडी याच रस्त्यावर उघड्यावर उभी असायची, आणि तिच्याही काचेवर तोच बर्फ धरायचा. लॅबमध्ये साच्यांच्या प्लास्टरमध्ये काम करून तिची बोटं आधीच कोरडी पडलेली असायची. थंडीत काच खरवडली की भेगा उघडायच्या आणि स्टिअरिंगवर रक्ताचे बारीक ठिपके उमटायचे. पण नव्या नवरीच्या दिवसांतच नवऱ्यानं सांगून टाकलं होतं, "सकाळी मला उठवू नकोस हं. सकाळी मी माणसात नसतो." वहिनीनं ते मान्य केलं होतं. काही माणसांना सकाळ सोसत नाही, त्याला कोण काय करणार, असं ती स्वतःला समजावत आली होती. आणि आता ही थंडी आली, नणंद आली, आणि हा माणूस काळोखात उठून माणसात यायला लागला.

नणंदेला घरी सगळे चिमणी म्हणत. नावावरून कोणी नाजूक बाई डोळ्यांपुढे आणली तर फसेल. चिमणीचे खांदे कपाटाएवढे रुंद होते, आणि ती शहराच्या तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवायची. तलाव पहाटे उघडायचा, म्हणून तिला सगळ्यांच्या आधी निघावं लागायचं. नवऱ्याचं घर कायमचं सोडून ती दोन बॅगा घेऊन आली, तेव्हा शेजारची रिकामी जागा घरमालकाकडे खेटे घालून मिळवून दिली ती वहिनीनंच. पडदे शिवले तिनंच. जुनी डिझेलवर चालणारी गाडी स्वस्तात मिळतेय हे कुठून तरी शोधून काढलं तेही तिनंच. त्यामुळे आता तक्रार तरी कुठल्या तोंडानं करायची?

तरी एकदा चहा पिताना तिनं खडा टाकून बघितला.

"माझीही गाडी बाहेरच असते म्हटलं."

"तुझी नवीन आहे. किल्ली फिरवली की सुरू," नवरा पेपरातून म्हणाला.

"काच काय नवी गाडी बघून गोठायची थांबते?"

"अगं, तुझं काय! तू सगळं करतेस. तुला कुणाची गरज लागत नाही." आणि त्यानं वर मान करून कौतुकानं तिच्याकडे बघितलं.

ते कौतुक वहिनीच्या घशाखाली उतरेना. तिला वाटलं, हे म्हणजे चांगलं काम करणाऱ्याला आणखी काम देणाऱ्या साहेबासारखं झालं. त्या दिवशी लॅबमध्ये तिनं एका आजीबाईंची कवळी केली. दुपारी लॅबचे मालक ती हातात घेऊन उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिले.

"हे दात हसतायत असं वाटत नाही हो," ते म्हणाले. "विचकल्यासारखे दिसतायत. कुणावर चिडलायत का आज?"

वहिनीनं मेण पुन्हा गरम केलं आणि पुढचे सहाच्या सहा दात उपटून परत बसवले.

चिमणी वाईट असती तर सगळं सोपं झालं असतं. पण ती संध्याकाळी यायची, आल्या आल्या वहिनीच्या गळ्यात पडायची, तिच्या बोटांना क्रीम चोळून द्यायची, तलावातल्या मुलांच्या नकला करून हसवायची. वहिनी पोट धरून हसायचीसुद्धा. आणि ती गेली की पुन्हा तोच हिशेब मांडत बसायची. हसता हसता नवरा बहिणीच्या डोक्यावर टपली मारायचा, ती टपलीही वहिनीच्या हिशेबात जमा व्हायची. टपली मारावी इतके लहान आपण कुणासाठी शेवटचे कधी होतो, हे तिला आठवत नव्हतं.

एका संध्याकाळी चिमणीनं तिला बाजारातून घरी सोडलं. चिमणी सामान घेऊन पुढे गेली. उतरताना वहिनीचा हात दाराच्या खणाकडे गेला, आणि तिथली बर्फ खरवडायची पट्टी तिनं स्वतःच्या पर्समध्ये टाकली. का टाकली, हे तेव्हा विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. डोळ्यांपुढे एवढंच होतं की सकाळी त्याला पट्टी सापडणार नाही, तो हात चोळत परत येईल आणि पांघरुणात शिरेल. बस्स. याहून मोठं पाप तिच्या मनात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी थंडीनं कहर केला. झाडं पांढरी, तारा पांढऱ्या, आणि चिमणीच्या गाडीवर बोटभर जाडीचा बर्फ. वहिनी स्वयंपाकघरात चहाचं पाणी ठेवून उभी होती. नवरा धाडकन दार उघडून आत आला. नाक लाल, मिशीवर दव.

"ती पट्टी कुठे गेली देव जाणे. तुझी कुठंय?"

"गाडीत असेल. किल्ली शोधा, कुठेतरी ठेवलीय मी."

"अगं, इथे वेळ कुणाला आहे! पोरं तलावाच्या दाराशी कुडकुडत उभी राहतील." त्यानं इकडेतिकडे बघितलं, आणि शेगडीवरची किटली उचलली. पाणी नुकतंच खळखळायला लागलं होतं.

वहिनीला कळलं, आता काय होणार ते. गरम आणि गार एकमेकांवर आदळले की काय होतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. लॅबमध्ये किती साचे तिच्या डोळ्यांदेखत असे तडकले होते. नवरा दारापर्यंत पोचला, पायऱ्या उतरला, फाटकाबाहेर पडला. "अहो, थांबा," एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण शब्द बाहेर आला नाही. नाही म्हणजे, तिनं येऊ दिला नाही.

टक्क. आवाज फार मोठा नव्हता. पुढच्या काचेवर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात एक रेघ सरसरत गेली, आणि तिला दोन्हीकडे फांद्या फुटल्या. नवरा रिकामी किटली हातात धरून पुतळ्यासारखा उभा. चिमणी बॅग घेऊन बाहेर आली, काच बघितली, भावाचं तोंड बघितलं, आणि म्हणाली, "असू दे रे दादा. काचच आहे."

नवऱ्याचा चेहरा इतका पडला की वहिनीला चप्पल घालून धावत खाली जावंसं वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, माझी गाडी अशी फुटली असती तर याचा चेहरा एवढा पडला असता का?

इतक्या जुन्या गाडीची काच दुकानात तयार नव्हती. मागवावी लागणार होती. नवऱ्याच्या कामाची दिशा उलटी. वहिनीची लॅब मात्र तलावाच्या पुढच्याच चौकात. सगळे एकमेकांकडे बघत असताना वहिनीच्या तोंडून निघून गेलं, "मी सोडत जाईन तिला."

"वहिनी, तुझ्यासारखी तूच गं!" चिमणीनं तिला मिठी मारली. वहिनी लाकडासारखी उभी राहिली.

आता पुढची गंमत ऐका. दुसऱ्या दिवशी पहाटे वहिनीला जाग आली ती स्वतःच्या गाडीच्या आवाजानं. खिडकीतून बघते तर नवरा तिच्या गाडीची काच साफ करतोय. आतला हीटर चालू. सीटवर जाडजूड टॉवेल अंथरलेला, वहिनीच्या नव्हे, शेजारच्या सीटवर. वीस वर्षांत पहिल्यांदा तिची गाडी तिच्या आधी गरम झाली होती, आणि ती का झाली होती हे कळायला काही अक्कल लागत नव्हती. वहिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती खाली गेली, गाडीत बसली आणि दार असं आपटलं की समोरच्या मास्तरांनी खिडकी उघडून बघितलं.

"काय झालं?" नवऱ्यानं विचारलं.

"काही नाही. माझी गाडी आहे, मी आपटीन."

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी तलावाच्या फाटकाशी गाडी थांबली आणि चिमणी उतरायला लागली. "तू आहेस म्हणून वहिनी, नाहीतर..." ती म्हणाली. वहिनीला ते ऐकवेना.

"पट्टी मी घेतली होती," ती पुढे बघत म्हणाली.

"कुठली पट्टी?"

"बर्फ खरवडायची. तुझ्या गाडीतली. मुद्दाम घेतली."

चिमणी अर्धी आत, अर्धी बाहेर. तिनं पाय परत आत घेतला आणि दार लावलं. इंजिन चालू होतं. फाटकाशी दोन-तीन मुलं टोप्या ओढून उड्या मारत होती. किटलीच्या वेळी आपण तोंड दाबून धरलं, हे मात्र वहिनीनं सांगितलं नाही. तेवढं तिच्याच्यानं झालं नाही, आणि पुढेही कधी झालं नाही.

"दादा माझ्यासाठी उठतो म्हणून?" चिमणीनं विचारलं.

वहिनीनं मान हलवली. पंचेचाळीस वर्षांची बाई, आणि शाळेत पकडलेल्या पोरीसारखे तिचे कान तापले.

चिमणी उतरून गेली. दुसऱ्या दिवशी ती गाडीत गप्प बसून राहिली. वहिनीला वाटलं, संपलं. आता ही भावाला सांगणार आणि माझ्या तोंडाला कायमचं काळं. पण त्याच्या पुढच्या सकाळी, सिग्नलला गाडी थांबली असताना, चिमणी एकदम बोलायला लागली.

"तिकडे सासरी गाडीची किल्ली कायम त्याच्या खिशात असायची, वहिनी. मला चालवता येत होतं तरी. तोच सोडायचा, तोच न्यायला यायचा. लोक म्हणायचे, किती काळजी घेतो! इथे आले, स्वतःच्या पैशांनी गाडी घेतली. वाटलं, आता किल्ली माझी. पहिल्याच थंडीच्या दिवशी दादानं हात पुढे केला, 'आण इकडे, तुला नाही जमायचं.' दिली मी. त्यालाही बरं वाटतं ना. पण खरं सांगू? रात्रभर गारठलेली ती गाडी पहाटे मी अजून एकदाही सुरू केलेली नाही. मला येतं की नाही, तेच मला माहीत नाही."

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. वहिनी पुढे निघाली.

"सुट्टीच्या दिवशी मी खिडकीतून तुला बघायचे," चिमणी म्हणाली. "एकटी खाली येतेस, काच खरवडतेस, बसतेस, निघून जातेस. कुणाला विचारणं नाही, काही नाही. असा हेवा वाटायचा तुझा!"

हेवा! थंडीत बोटं फुटलेल्या बाईचा! वहिनीला हसावं की रडावं कळेना. आपण जे मिळावं म्हणून इतके दिवस तडफडलो, ते जिला फुकट मिळत होतं तिला ते नकोच होतं, हे कळून तिचा राग उतरायला हवा होता. उतरला नाही. उलट तिला वाटलं, म्हणजे इतकं चांगलं वायाच चाललं होतं की!

"मला शिकवशील?" चिमणीनं विचारलं.

"शिकवीन," वहिनी म्हणाली. ते काही निव्वळ प्रेमानं नव्हे. ही शिकली की तो मोकळा होईल, हा हिशेब तिनं चौक ओलांडायच्या आत मांडला होता.

काच बसली. पुढच्या सकाळी दोघी चिमणीच्या गाडीत जाऊन बसल्या. वहिनी शेजारी, चिमणी स्टिअरिंगवर. नवरा नेहमीसारखा कानटोपी घालून आला आणि त्यानं खिडकीतून हात पुढे केला.

"आण किल्ली."

"आज मी करते, दादा. तू जा, झोप."

"अगं, तुला नाही..."

"झोप ना रे जाऊन." चिमणीनं काच वर केली.

तो मागे सरला, पण गेला नाही. फाटकाला टेकून उभा राहिला.

"नुसती अर्धी फिरव," वहिनी म्हणाली. "तो पिवळा दिवा दिसतोय? तो विझेपर्यंत थांब. इंजिनाच्या आत ऊब धरतेय. घाई केलीस की बिनसलं."

दिवा विझला. चिमणीनं किल्ली पूर्ण फिरवली. घर्रर्र. बंद.

"घाबरू नकोस. क्लच पूर्ण दाब. पुन्हा दिव्यापासून सुरुवात."

घर्रर्र, घर्रर्र. बंद. चिमणीच्या कपाळावर त्या थंडीतही घाम आला. फाटकाशी नवऱ्यानं एक पाऊल पुढे टाकलं. वहिनीनं काचेतूनच त्याच्याकडे असं बघितलं की तो जागच्या जागी थांबला.

"त्याच्याकडे बघू नकोस. आता लागली तर सोडू नकोस. ती खोकली तरी किल्ली धरून ठेव."

घर्रर्र, गुर्र, गुर्रगुर्र, आणि गाडीला सबंध अंगातून एक झटका बसला. मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला. इंजिन धडधडायला लागलं. चिमणीनं असा काही आवाज काढला की झाडावरचे पक्षी उडाले. तिनं वहिनीला दोन्ही हातांनी आवळलं, आणि त्या खांद्यांच्या मिठीत वहिनीची हाडं मोडायची तेवढी बाकी राहिली. वहिनीही हसत होती. या वेळी ती लाकूड झाली नाही.

त्या मिठीतून तिची नजर फाटकाकडे गेली. नवरा तसाच उभा होता, हात खिशात. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. ओठ आवळलेले, नजर त्या दोघींवरून हलत नव्हती. इतके दिवस खिडकीशी शाल ओढून उभी राहिलेली बाई कशी दिसत असेल, ते वहिनीला आत्ता समोर दिसलं. तिला भयंकर बरं वाटलं. लाज वाटली, पण बरं जास्त वाटलं.

चिमणी निघून गेल्यावर ती घरात आली. नवरा स्वयंपाकघरात पाठमोरा बसला होता.

"तुम्हा दोघींचं बरंच जमायला लागलंय," तो म्हणाला.

"लागलंय खरं."

"मला बोलली नाही ती, शिकायचंय म्हणून."

"तुम्ही विचारलंत?" वहिनीनं खुर्ची ओढली. "आणि मला कधी विचारलंत, काच साफ करून देऊ का?"

"तू कधी म्हणाली नाहीस."

"ती म्हणाली होती?"

तो टेबलाची एक कड नखानं खरवडत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "म्हणाली होती. गाडीचं नाही. खूप वर्षांपूर्वी एकदा. कामासाठी तिच्या गावी गेलो होतो, तर पाच मिनिटं तिच्या दारात थांबलो. थंडी होती. ती बाहेर आली, खिडकीशी वाकली, म्हणाली, 'दादा, मला घरी ने.' मी हसलो. म्हटलं, भांडलीस वाटतं? मी इंजिनसुद्धा बंद केलं नव्हतं गं. गाडी चालू ठेवूनच बोललो, आणि तशीच पुढे काढली. आरशात ती फाटकाशी दिसत होती."

वहिनीनं उठून चहा टाकला. इतके दिवस ती ज्याला माया समजून जळत होती, त्यात निम्मी माया होती आणि निम्मं हे होतं. ते माझ्या वाट्याला नाही आलं हे बरंच, असं तिला वाटलं. पण निम्म्या मायेचं काय? तिच्यापुरतं ते प्रकरण मिटलेलं नव्हतं.

"तिला हे सांगितलंत?" तिनं विचारलं.

"कसं सांगू?"

"इंजिन बंद करून," वहिनी म्हणाली.

त्यानं ते त्या रविवारी सांगितलं. काय बोलणं झालं ते दोघांनाच ठाऊक. भाऊबहीण गाडीत बसून होते, गाडी बंद होती, आणि चिमणी उतरली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. वहिनी खिडकीतून बघत होती. खोटं कशाला सांगा, तेव्हाही तिच्या पोटात बारीकसं दुखलंच.

त्यानंतर चिमणीची गाडी चिमणीच सुरू करायची. कधी पहिल्या झटक्यात, कधी चौथ्या. वहिनीही आता तिच्याबरोबरच निघायची. नवऱ्याला मात्र पहाटेची जाग लागली ती लागलीच. थोडे दिवस तो उठून घरात नुसत्या फेऱ्या मारायचा, डबे वाजवायचा. मग एके दिवशी कानटोपी घालून तोही खाली उतरला. एका बाजूला बहिणीची गाडी धडधडतेय, दुसऱ्या बाजूला बायकोची गुरगुरतेय, आणि हा मधोमध रिकाम्या हातांनी उभा, लग्नघरात काम न मिळालेल्या काकासारखा.

वहिनीनं काच खाली केली.

"मागची काच धूसर झालीय. पुसता का जरा?"

त्यानं खिशातून रुमाल काढला आणि मागे गेला. आरशात ती त्याला बघत होती. गोल गोल हात फिरवत होता, कोपरेसुद्धा सोडत नव्हता. तेवढ्यात शेजारची गाडी एकदम दोनदा खोकली आणि आवाज मंदावला. त्याचा हात थांबला. मान तिकडे वळली.

वहिनीनं हॉर्न दाबला. छोटासाच.

तो दचकला, आणि पुन्हा काच पुसायला लागला.